दुर्बीण निर्दोष आहे

फोन आला तेव्हा भिंगवालीच्या हातात रबरी हातोडी होती. एका दुर्बिणीला ती बाजूने हलके ठोके घालत होती आणि नेम धरायची आतली फुली जागची हलते का ते बघत होती. रायफलवर बसवायच्या दुर्बिणी तपासणं हे तिचं काम. चांगली ठेवायची, वाईट परत पाठवायची. वनखात्यात सगळे तिला भिंगवालीच म्हणत.

फोनवर धाकटा भाऊ होता. नुसता श्वास ऐकू येत होता.

"अरे, बोल ना. पडलं का अस्वल?"

"ताई, काका गेले," तो म्हणाला. "माझ्या गोळीनं."

तिने हातोडी टेबलावर ठेवली आणि खुर्ची चाचपत खाली बसली.

महिनाभर त्या अस्वलाने वस्तीची झोप उडवली होती. आधी कचऱ्याच्या पिंपांवर भागवत होतं. मग दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईला त्याने परसातच फाडलं, आणि पाठोपाठ गिरणीच्या पहारेकऱ्याला. शाळा बंद होत्या. दूध आणायला माणसं घोळक्याने जात आणि डबे वाजवत परत येत. धाकटा खात्याचा नेमबाज. त्याला पाण्याच्या टाकीवर बसवलं होतं. काका म्हणजे खात्याचे जुने माग काढणारे, सगळेच त्यांना काका म्हणत. जनावर कुठून येणार ते हेरायचं, बाजूला सरायचं आणि हात वर करायचा, की टाकीवरून गोळी सुटणार, असं ठरलं होतं.

त्या दिवशी काकांनी हात वर केला. धाकट्याने फुली अस्वलाच्या खांद्यावर ठेवली आणि चाप ओढला. अस्वल दचकून घरांच्या दिशेने पळालं. टाकीवरून बघता त्याच्या उजवीकडे चार हातांवर, पण बरेच मागे उभे असलेले काका मात्र खाली पडले, ते उठलेच नाहीत.

रायफलवरची दुर्बीण भिंगवालीने स्वतः निवडलेली होती. स्वतः तपासलेली, स्वतः बसवलेली. त्यामुळे तिला एकदम दोन गोष्टींची भीती वाटली. भाऊ चुकला असेल, नाहीतर आपण. दोन्हींतली कुठली बरी, हे तिला ठरवता येईना.

संध्याकाळच्या आत इन्स्पेक्टर तिच्या तपासणी खोलीत हजर झाला. त्याला कडक सर्दी झाली होती. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पिशवीत सीलबंद केलेली रायफल. तो म्हणाला की दुसऱ्या तपासनीसाला बोलवायचं तर आठवडे जातील, आणि वस्ती तेवढं थांबणार नाही. तिने तपासावं, तो समोर बसून बघेल.

"तुम्ही बहीण आहात, ते मी विसरणार नाही," तो म्हणाला. "तुम्हीही विसरू नका. काल कँटीनमध्ये काय झालं, माहीत आहे?"

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. काका म्हणाले होते, पोरगा घाई करतो. धाकटा चिडून म्हणाला होता, एक दिवस तुमच्याच पायात गोळी घालीन. तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

पिशवी उघडल्यावर तिने सगळ्यात आधी स्क्रू बघितले. दुर्बीण रायफलवर दोन कड्यांनी धरलेली असते. स्क्रू आवळून झाले की ती प्रत्येकावरून कड्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ मोडते. रंग डाळिंबी. बाटली तिची स्वतःची, घरून पर्समधून यायची आणि पर्समधूनच परत जायची, कारण खात्याकडे नेलपॉलिश मागायला तिला लाज वाटायची.

सगळ्या रेघा अखंड होत्या.

"म्हणजे कुणी हात लावलेला नाही," इन्स्पेक्टर म्हणाला.

"तसंच दिसतंय."

"आणि ह्या चाक्या? दोन्हींवर शून्य दिसतंय. त्याचा अर्थ काय?"

तिने सांगितलं. वरची चाकी फुलीला वर-खाली नेते, बाजूची डावी-उजवीकडे. रायफल पहिल्यांदा जुळवताना फुली जिथे दिसते तिथेच गोळी लागेपर्यंत चाक्या फिरवायच्या. जुळलं की चाकीची टोपी सैल करायची, टोपीवरचा आकडा शून्यावर आणायचा आणि टोपी परत आवळायची. पुढे लांबच्या निशाण्यासाठी चाकी फिरवली, तरी परत कुठे यायचं ते कळतं. सगळे नेमबाज हे न बघता करतात, दात घासावेत तसं.

"नंतर पुन्हा गोळी मारून खात्री केली नव्हती?"

"जुळवली तेव्हा मैदानावर केली होती. मग रायफल शस्त्रकोठीच्या कपाटात गेली. वस्तीजवळ उगाच गोळी मारायची नाही असा हुकूम आहे, जनावर बिथरतं. कपाटातून निघाली ती थेट टाकीवर."

मग तिने रेघा मोडून दुर्बीण उतरवली, लोखंडी पकडीत बसवली आणि समोरच्या भिंतीवरच्या चौकटींच्या फळ्यावर नीट लावून घेतली. तपासणीची पद्धतच ती होती. दुर्बीण एकटी घ्यायची, नव्याने लावायची आणि तिचे हाल करायचे. तिने चाक्या फिरवून फुली वर नेली, उजवीकडे नेली, खाली, डावीकडे. फळ्यावर पूर्ण चौकोन झाला आणि फुली निघाल्या ठिपक्यावर परत आली. बाजूची चाकी शून्यापासून दोन्ही टोकांपर्यंत फिरवली. डावीकडे ती बराच वेळ फिरत राहिली, उजवीकडे पटकन अडली. दोन्ही मिळून फेरा जेवढा हवा तेवढा भरला. बर्फाच्या पेटीत ठेवून कोमट पाण्यात बुडवली. बुडबुडा नाही, काचेवर वाफ नाही. हातोडीचे ठोकेही दुर्बिणीने मुकाट सोसले. सगळं झाल्यावर तिने सवयीने दोन्ही चाक्या होत्या तशा शून्यावर आणून ठेवल्या.

तिला ती नापास व्हायला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखाद्या दुर्बिणीत खोट निघावी म्हणून जीव टांगणीला लावला होता.

"काय मग?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"निर्दोष आहे."

त्याने नाक पुसलं. तो वाईट माणूस नव्हता, पण गोडही बोलत नव्हता. "दुर्बीण निर्दोष असेल तर माणूस दोषी ठरतो, बाई. उद्या दुपारी मी तुमच्या भावावर खुनाचा गुन्हा दाखल करतोय. त्याआधी काही सुचलं तर सांगा."

जाता जाता तो शस्त्रकोठीत थांबला. तिथल्या कपाटाच्या दोन चाव्या. एक डावऱ्याकडे, म्हणजे राखीव नेमबाजाकडे. दुसरी भिंगवालीच्या नवऱ्याकडे. नवरा एके काळी खात्याचा पहिला नेमबाज होता. मग उजव्या डोळ्याने दगा दिला, शस्त्रक्रिया होऊनही नजर धूसरच राहिली, आणि त्याला कोठीच्या टेबलाशी बसवलं. तेव्हापासून दोस्तमंडळी त्याला चावीवाले म्हणून चिडवत. तोही हसायचा.

भिंगवाली दाराशी उभी राहून ऐकत होती.

"मधल्या दिवसांत कपाट कुणी उघडलं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मी नाही," नवरा म्हणाला.

डावरा म्हणाला, "मीही नाही. माझी बंदूक वेगळ्या कपाटात असते."

"धाकट्याचं पद रिकामं झालं तर कुणाला मिळेल?"

डावऱ्याचा चेहरा उतरला. "मला," तो म्हणाला. "पण साहेब, काका माझे गुरू होते."

घरी जायला खात्याची गाडी होती. रस्ते ओस पडले होते. एका घराच्या माडीवरून कुणीतरी ओरडून सांगितलं की झाडीत काहीतरी हललं. ड्रायव्हरने काचा वर केल्या. नवरा तिच्या शेजारी हात मांडीत घालून बसला होता. नेहमी तो असल्या वेळी काहीतरी थट्टा करायचा, तिची भीती घालवायला. आज तो खिडकीबाहेरही बघत नव्हता.

घरी आल्यावर तिने स्क्रूंची डबी टेबलावर ओतली. उतरवलेले स्क्रू तिने तपासायला आणले होते, इन्स्पेक्टरला विचारून. भिंगातून एकेक बघू लागली. रेघ मोडली होती तिथे डाळिंबी रंगाचा पोपडा निघत होता. एका स्क्रूवरचा पोपडा तिने नखाने काढला. खाली धातूवर ओरखडा होता, पेचकस घसरल्यावर पडतो तसा. रंग ओरखड्याच्या आतपर्यंत भरला होता.

स्क्रू तिने कोरे करकरीत बसवले होते. ओरखडा तिचा नव्हता. म्हणजे आधी ओरखडा पडला, मग रेघ ओढली गेली. कुणीतरी दुर्बीण काढून परत बसवली होती, आणि वर तिच्यासारखीच रेघ ओढली होती. तिच्याच रंगाची.

तिने आरशाखालचा खण उघडला. नेलपॉलिशची बाटली जागेवर होती, पण झाकण तिरकं बसलं होतं. आतला रंग घट्ट झाला होता, कुंचला काडीसारखा. ती स्वतः झाकण असं कधी लावत नसे.

मागच्या सुट्टीला, रायफल कपाटात गेल्यानंतर, ती मावशीकडे राहायला गेली होती. ही बाटली आणि नवरा तेवढे घरात होते.

स्वयंपाकघरात नवरा भांडी घासत होता. नळाचा आवाज येत होता. एवढी वर्षं ती ह्या आवाजाने निवांत व्हायची. आज तिला उठून दाराला कडी लावावीशी वाटली, आणि आपल्याच नवऱ्याची अशी भीती वाटली म्हणून रडूही आलं.

पण का? धाकट्यावर त्याचा जीव होता. त्याला नेम धरायला त्यानेच शिकवलं होतं. काकांशी कधी वाकडं नव्हतं. आणि दुर्बीण निर्दोष होती, तिनेच तपासली होती.

तिची नजर भिंतीवर गेली. तिथे नवऱ्याची जुनी रायफल टांगलेली होती. एकदा मोटरसायकलवरून पडून तिच्या पाठीवरची पट्टी, म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते ती, वाकडी झाली होती. नवऱ्याने ती बदलली नाही. घरात तिचं नाव वाकडी. तो म्हणायचा, माझ्या वाकडीला जुळवायचं म्हणजे चाकी उजव्या टोकाला नेऊन भिडवावी लागते.

भिंगवाली उभीच राहिली. बाजूची चाकी उजवीकडे पटकन अडली होती. धाकट्याची रायफल तर इतकी सरळ होती की जुळवताना चाकी जेमतेम हलली होती. शून्य तेव्हा बरोबर मधोमध होतं.

सकाळी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अहो, आज वाकडी लागेल मला. मैदानावर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने रायफल भिंतीवरून काढली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. का हवी, हे त्याने विचारलं नाही.

मैदानावर तिने सगळ्यांना बोलावलं होतं. इन्स्पेक्टर होता, दोन शिपायांच्या मध्ये धाकटा होता. रात्रीतून त्याचं वय वाढलं होतं. काकांची बायकोही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण जायलाही कुणी सांगू शकलं नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

तिने तीच दुर्बीण, चाक्यांना हात न लावता, धाकट्याच्या रायफलवर बसवली. डाव्या बाजूच्या फळीवर काळा ठिपका काढला होता. रायफल जड पकडीत आवळून फुली ठिपक्यावर आणली आणि डावऱ्याला चाप ओढायला सांगितला. गोळी उजवीकडच्या रिकाम्या फळीत घुसली, चार हात लांब.

मग तीच दुर्बीण तिने वाकडीवर चढवली. फुली पुन्हा त्याच ठिपक्यावर. डावऱ्याने पुन्हा चाप ओढला.

भोक ठिपक्याच्या मधोमध पडलं.

"मला कळेल असं सांगा," इन्स्पेक्टर म्हणाला.

"काल तुम्ही मला विचारलंत, दुर्बीण चांगली आहे का. ती चांगलीच आहे. मी तिला एकटीला तपासलं, पकडीत नव्याने लावून. त्यामुळे ती कुणाच्या रायफलला जुळलेली आहे, हे मी बघितलंच नाही." तिने वाकडीवर हात ठेवला. "ती माझ्या भावाच्या रायफलला जुळलेली नव्हती. ती वाकडीला जुळवली होती. कुणीतरी ती कपाटातून काढली, वाकडीवर लावली, चाकी उजवीकडे नेऊन नेम बसवला. आणि मग सवयीने टोपी सैल करून शून्यावर आणली. सगळेच करतात तसं. त्याबरोबर आधीच्या शून्याची खूणच पुसली गेली. नंतर दुर्बीण परत सरळ रायफलवर बसवताना त्याने चाकीकडे बघितलं, शून्य दिसलं, आणि त्याला वाटलं सगळं पहिल्यासारखं आहे. धाकट्याने फुली अस्वलावर ठेवली होती. गोळी उजवीकडे जाणारच होती. तिथे काका होते."

"चावी तर डावऱ्याकडेही होती."

"होती. पण माझी नेलपॉलिशची बाटली डावऱ्याकडे नव्हती. स्क्रू काढल्यावर रेघा मोडल्या, त्या माझ्या घरातल्या बाटलीने परत ओढल्या. आणि वाकडी माझ्या घरातल्या भिंतीवर असते."

कुणी नवऱ्याकडे बघायची गरज नव्हती. तो स्वतःच पुढे आला. हातातली कोठीची चावी त्याने इन्स्पेक्टरसमोर टेबलावर ठेवली.

"तूच घरी येऊन सांगितलंस," तो बायकोला म्हणाला. "अशी काच आजवर बघितली नाही, अंधारून आलं तरी पान न् पान दिसतं, असं. मला एकदाच बघायचं होतं. वाकडी घेऊन वस्तीपासून लांबच्या खाणीत गेलो, तिथे नेम बसवला. त्या दुर्बिणीतून मला पुन्हा स्वच्छ दिसलं गं. वाटलं, ते अस्वल मीच पाडावं. संध्याकाळभर झाडीत बसलो, आलंच नाही. चाकी किती फिरवली ते लक्षात ठेवून परत फिरवायची, असं ठरवलं होतं. सकाळी बसवायला घेतली तर शून्यावर होती. वाटलं, रात्री फिरवून ठेवली असेल आपण. टोपी कधी सरकवली ते हातालाही कळलं नाही."

"आणि गोळी सुटल्यावर?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"तेव्हा कळलं. टाकीखाली उभा होतो मी. आवाजाबरोबरच कळलं."

धाकटा भावजींकडे बघत होता, अनोळखी माणसाकडे बघावं तसा. काकांची बायको खाली बसली. डावऱ्याने तिला पाणी आणून दिलं.

भिंगवाली नवऱ्याजवळ गेली. रात्रभर जे विचारायची तिला धास्ती होती, तेच तिने विचारलं.

"आज दुपारी त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल होणार होता. तुम्ही सांगितलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तेवढं तो तिच्याशी बोलला नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "वाकडी मागितलीस तेव्हा बरं वाटलं."

शिपाई त्याला गाडीकडे घेऊन गेले. इन्स्पेक्टरने जाताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू मोकळा आहेस. मग कुणालाच आठवायला नको होतं तेही तो बोलला. अस्वल अजून वस्तीत होतं, सकाळी शाळेच्या भिंतीमागे पंजाचे ठसे दिसले होते. टाकीवर कुणाला तरी चढावं लागणार होतं.

दुर्बीण परत सरळ रायफलवर आली. दोघा भावंडांनी ती नव्याने जुळवली, गोळीमागून गोळी, भोकं ठिपक्यात पडेपर्यंत. टोपी सैल करून शून्यावर आणताना दोघांचेही हात थांबले. शेवटी तिने ती आवळली.

"ताई, आता बरोबर आहे?" धाकट्याने विचारलं.

एवढी वर्षं ह्या प्रश्नाला ती विचार न करता हो म्हणत आली होती. नेमबाज तिच्या एका होकारावर जंगलात शिरायचे. तिने फळीकडे बघितलं, रायफलकडे बघितलं, लांब जाणाऱ्या गाडीकडे बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "पण माझ्यावर जाऊ नकोस. तू मारून बघ."

त्याने मान हलवली. रायफल खांद्याला लावली आणि मारून बघितलं. गोळी ठिपक्यात लागली. त्याने पुन्हा मारून बघितलं, आणि पुन्हा. ती त्याच्या मागे उभी राहून कानावर हात ठेवून बघत राहिली, आणि थांब म्हणायला तिचं तोंड उघडेना.